ठिबकचं अनुदान घ्यायचंय? आधी हे वाचा

पुरंदरला आमची अंजिराची बाग आहे, पाणी म्हणजे एप्रिल-मेमधे जीव टांगणीला, त्यामुळे ठिबक कराच असं मी सगळ्यांनाच सांगतो. अल्पभूधारकाला, म्हणजे २ हेक्टरपर्यंत जमीन असेल तर, केंद्र आणि राज्य मिळून ८० टक्के अनुदान, बाकीच्यांना ७५ टक्के. पण हे टक्के दुकानदाराच्या बिलावर नाही, सरकारने ठरवलेल्या खर्चावर मिळतात, हे डोक्यात पक्कं ठेवा.

पहिलं काम फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक. मग महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या वेबसाइटवर, अर्ज.

आता खरी गोम सातबाऱ्यात आहे. विहीर नाहीतर बोअरची नोंद त्यावर बघा, आमच्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंदच नव्हती, आजोबांच्या काळातली विहीर, रोज पाणी उपसतोय आणि कागदावर ती नाहीच, तलाठ्याकडे चार चकरा झाल्या तेव्हा कुठे नोंद लागली. जमिनीचं खातं सामाईक असेल तर भावकीची संमती आधीच लिहून घ्या, सणाला सगळे गावाकडे येतात ना तेव्हाच सह्या उरका.

आणि कळकळीने सांगतो, अर्जावर कृषी खात्याची पूर्वसंमती मिळाल्याशिवाय एक नळीसुद्धा विकत घेऊ नका! "घेऊन टाका, नंतर होतं सगळं" असं एका दुकानात मलाही म्हणाले होते. आधीचं बिल चालत नाही. संमतीनंतर खरेदी, जीएसटीचं पक्कं बिल अपलोड, मग कृषी खात्याची माणसं शेतात येऊन मोजणी करतात, तेव्हा मोटर चालू करून प्रत्येक ड्रिपर टपकतोय ना हे दाखवा.

पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, बँकेत जाऊन ते आजच तपासा.