एसी लावला की इंजिन थरथरतं? गॅस भरण्याआधी आरपीएम बघा

एसी बंद असताना गाडी गपगुमान उभी असते. बटण दाबलं की स्टिअरिंगला कंप सुटतो, आरशातलं चित्र हलायला लागतं आणि सिग्नलला इंजिन बंद पडतंय की काय असं वाटतं. अशा वेळी बहुतेक जण आधी गॅस तपासायला सांगतात. पण बरेचदा एसी फक्त चुगली करत असतो, दुखणं इंजिनचंच असतं. आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) इंजिनकडे ताकद जेमतेम असते आणि त्यातूनच एसीचा गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला एक ते तीन किलोवॉट लागतात. एरवी झाकून राहिलेला दोष या जादा ओझ्यानं उघडा पडतो.

निरोगी पेट्रोल गाडीत बटण दाबल्यावर इसीयू (इंजिनचा संगणक) आधी थ्रॉटल (हवेची झडप) किंचित उघडतो आणि मगच कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक’ करून पकडतो. त्यामुळे अर्धा सेकंद आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) हलला आणि मग पूर्वीइतका किंवा ५० ते १५० ने वर जाऊन स्थिरावला, तर काही बिघडलेलं नाही. (विजेवर चालणारा कॉम्प्रेसर असलेल्या हायब्रिड गाड्यांना हे लागू नाही.)

तपासणीसाठी ओबीडी स्कॅनर (इसीयूमधले आकडे आणि कोड दाखवणारं यंत्र) हवा. मोबाइलला जोडायचा साधा चालेल. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना उटी लावा, गिअर न्यूट्रलमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा. इंजिन पूर्ण तापू द्या, म्हणजे कूलंट ८५ ते ९५ अंशांपर्यंत. थंड इंजिनवरचे आकडे इथे कामाचे नाहीत. दिवे, ब्लोअर, एसी सगळं बंद करून आरपीएम, शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिम (इसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो, त्याचे तात्पुरते आणि दीर्घकाळचे आकडे) आणि बॅटरीचा व्होल्टेज लिहून घ्या. आयडल साधारण ६५० ते ८५० असतं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. इथेच काटा नाचत असेल तर एसीचा विचार सोडा.

आता फुकटातली आणि सगळ्यात उपयोगी चाचणी. एसी बंदच ठेवून हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि ब्लोअर पूर्ण जोरात लावा. हे ओझं अल्टरनेटरमार्फत इंजिनवरच येतं. पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक असेल तर स्टिअरिंगही एका टोकापर्यंत फिरवा, पण टोकाला पाच सेकंदांहून जास्त धरू नका. एवढ्यानंही इंजिन दबलं, तर एसी निर्दोष आहे. मग ब्लोअर एकवर आणून एसी लावा आणि नीट बघा: आरपीएम खाली जातो, स्थिर राहूनही गाडी थरथरते, की तो ठरावीक तालात वर-खाली होतो? पुढची सगळी वाट या उत्तरावर ठरते.

आरपीएम खाली जात असेल तर

पहिला संशय थ्रॉटल बॉडीवर. त्यातल्या फुलपाखराच्या, म्हणजे फिरत्या चकतीच्या, कडेला काळा कार्बन साचला की हवेची फट बुजते. इसीयू फुलपाखरू थोडं जास्त उघडून रोजचं आयडल सांभाळून घेतो, पण कॉम्प्रेसरचं ओझं एकदम आलं की त्याचा अंदाज चुकतो. पी ०५०६ (आयडल अपेक्षेपेक्षा कमी) हा कोड याच बाजूला बोट दाखवतो.

साफ करताना किल्ली काढून घ्या. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचं फुलपाखरू इग्निशन चालू असताना बोटानं ढकलू नका. मोटर अचानक फिरली तर बोट चिमटतं. थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घेऊन कडा पुसा. कार्बोरेटर क्लीनरनं काही थ्रॉटलवरचा लेप निघतो आणि पात्यानं खरवडलं तर कायमची फट पडते. साफ केल्यावर आयडल १,००० ते १,२०० वर गेलं तर घाबरू नका. इसीयू अजून जुन्याच सवयीनं थ्रॉटल उघडतोय. मॅन्युअलमधली आयडल लर्निंगची पद्धत करा. केबलवाल्या जुन्या गाडीत आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह आणि त्याची हवेची वाटही साफ करावी लागते.

थ्रॉटल स्वच्छ असेल तर फ्युएल ट्रिमकडे वळा. लाँग ट्रिम आयडलला अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २,५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर कुठूनतरी चोरटी हवा आत शिरतेय. इनटेकचं गॅस्केट, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी) नळी, ब्रेक बूस्टरची नळी यांवर चिरा शोधा. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह हमखास विसरला जातो. त्याचं वायरिंग काढा आणि टाकीकडून येणारी नळी सोडवून त्या तोंडावर बोट ठेवा. इंजिन चालू असताना तरीही ओढ लागली, तर तो उघडा अडकलाय. मात्र एअरफ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा) नसून फक्त मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) असलेल्या गाडीत गळतीनं ट्रिम तेवढी चढत नाही, उलट आयडलच वाढलेलं दिसतं. गरम इंजिनवर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधू नका, आग लागते. धुराच्या मशीनची चाचणी सुरक्षित.

ट्रिम ठीक, पण अधूनमधून गचका बसतो, म्हणजे इंजिन मिसिंग करतंय (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही). ओझं आलं की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतो. झिजलेला प्लग किंवा तडा गेलेली कॉइल नेमकी तिथे मार खाते. प्लगची फट मोजा. बहुतेक गाड्यांत ती ०.७ ते १.१ मिलिमीटरमध्ये असते. स्कॅनर दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग दाखवत असेल तर तिथली कॉइल तिसऱ्यावर लावा. मिसिंगही तिसऱ्यावर गेलं तर कॉइल बदला. जागेवरच राहिलं तर प्लग, इंजेक्टर आणि मग कॉम्प्रेशन, या क्रमानं जा.

व्होल्टेजही बघून टाका. एसी आणि ब्लोअर लावल्यावर तो १३ च्या खाली जाऊन तिथेच राहत असेल, तर अल्टरनेटर, पट्टा आणि बॅटरी तपासा.

आरपीएम बरोबर, तरी थरथर

मग इंजिन ठीक चालतंय, पण त्याचा कंप बॉडीपर्यंत पोचतोय. अॅक्सिलरेटर हलका दाबून आरपीएम २०० नं वाढवा. थरथर गायब झाली तर इंजिन माउंटिंग (इंजिनला बॉडीवर धरणारे रबरी आधार) बघा: रबर फाटलेलं, खाली बसलेलं किंवा हायड्रॉलिक माउंटिंगमधून तेल गळलेलं. ऑटोमॅटिक गाडीत डी मध्ये, ब्रेक दाबलेला असताना, हे जास्त जाणवतं. ही चाचणी करताना गाडीच्या पुढे-मागे कुणालाही उभं करू नका. नवी माउंटिंग मागवण्याआधी एसीचे पाइप आणि सायलेन्सर बॉडीला टेकत नाहीत ना आणि कॉम्प्रेसरचे बोल्ट घट्ट आहेत ना, हेही बघा.

तालात वर-खाली, किंवा उभं राहिल्यावर वाढत जाणारी थरथर

आता एसीवर संशय घ्यायला हरकत नाही. क्लच दर पाच-दहा सेकंदांनी लागत-सुटत असेल आणि काटा त्याच्याच तालावर नाचत असेल, तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. पण गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार.

उलट प्रकार जास्त फसवा: एसी लावल्यावर सुरुवातीला ठीक, उभ्या गाडीत पाच-दहा मिनिटांनी इंजिन दबायला लागतं आणि गाडी पळू लागली की सगळं सुरळीत. ही कंडेन्सरला (गाडीच्या पुढच्या भागातली, एसीचा गॅस थंड करणारी जाळी) हवा न मिळाल्याची खूण आहे. पंखा फिरतो का आणि पुरेशा वेगानं फिरतो का, ते बघा. पंख्याची वायरिंग वाचवून कंडेन्सरवर पुढून पाण्याची हलकी फवारणी करा. मिनिटभरात इंजिन सैल झालं, तर पंखा, कंडेन्सरच्या जाळीतला कचरा किंवा जास्त भरलेला गॅस, यांतलंच काही आहे. बाहेर ३० अंशांच्या आसपास असताना आर-१३४ए गॅसच्या प्रणालीत जास्त दाबाची बाजू साधारण १८० ते २५० पीएसआय असते. ती ३०० च्या पलीकडे चढतच गेली तर एसी लगेच बंद करा. गॅसचं वजन बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, लहान गाड्यांत बहुधा ३५० ते ५५० ग्रॅम. नुसत्या गेजवरच्या अंदाजानं भरलेला गॅस हमखास कमी-जास्त होतो. रिकव्हरी मशीननं सगळा काढून वजनानं भरून घ्या.

दाब ठीक असूनही क्लच लागताच इंजिन गुरगुरत दबत असेल, तर इंजिन बंद करून पट्टा काढा आणि कॉम्प्रेसरची पुढची चकती हातानं फिरवा. सारखा, मऊ अडथळा लागायला हवा. खरखर लागली किंवा चकती मध्येच अडकली, तर कॉम्प्रेसर आतून गेलाय. तो बदलताना ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) नवा टाका आणि पाइप धुऊन घ्या. जुन्याचा धातूचा कीस नव्यातही जातो.

काम झाल्यावर इंजिन पुन्हा पूर्ण तापवून सुरुवातीचे सगळे आकडे एसी बंद आणि चालू ठेवून घ्या, आणि गाडी एसीसह निदान १५ मिनिटं उभी ठेवा. पंख्याचा दोष पहिल्या दोन मिनिटांत दिसत नाही.