रिसिप्ट नाही, रिसीट! बोलायचं कसं आणि वापरायचं कुठे

मी स्वतः कितीतरी वर्षं बिनधास्त "रिसिप्ट" म्हणायचो. पहिल्या नोकरीत फोनवर तीनदा विचारलं की रिसिप्ट पाठवली का, आणि समोरच्या मॅडम दर वेळी शांतपणे "हो, रिसीट पाठवलीय" म्हणत होत्या, तिसऱ्यांदा कुठे माझी ट्यूब पेटली.

तर आधी उच्चार. स्पेलिंग आर-ई-सी-ई-आय-पी-टी, पण त्यातला पी मुका. रि-सीट, जोर 'सीट'वर, बसमधली सीट म्हणतो अगदी तशीच. तरी तोंडात बसत नसेल तर हिंदीतली रसीद आठवा, आवाज जवळपास तोच. दोघांचं नातं काही नाही बरं का, रसीद फारसीतली, मूळ अर्थ 'पोचलं', पण पाठ करायला बरी पडते.

मग तो पी तिथे करतोय काय? 14व्या शतकात हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्लिशमध्ये आला तेव्हा पी नव्हताच. लॅटिनमध्ये मूळ 'रेसेप्टा', म्हणजे मिळालेलं, घेतलेलं, तर साधारण 1500 नंतर शिकल्यासवरल्या मंडळींनी लॅटिनशी जुळावं म्हणून पी लिहायला सुरुवात केली आणि लोक आपले जुनंच बोलत राहिले. डेट म्हणजे कर्ज, त्यातला बी पण असाच मागून घुसवलेला, डाउटमधलाही. रिसेप्शनमधला पी मात्र खणखणीत बोलायचा, तिथे गोंधळ करू नका.

आपली पावतीसुद्धा 'पावणे'वरूनच, पैसे पावले म्हणून पावती, म्हणजे विचार सगळीकडे एकच.

गंमत म्हणजे पूर्वी रिसीटचा अर्थ औषधाची किंवा पदार्थाची कृती असाही होता, जुन्या इंग्लिश पाककृतींच्या वह्यांत रेसिपीला रिसीटच म्हटलेलं सापडतं. रेसिपी हा लॅटिनमधला हुकूम, 'घे'! डॉक्टरच्या चिठ्ठीवर आरच्या पायाला काट मारलेली खूण असते ना, ती त्याचंच लघुरूप.

वापरताना बिल आणि रिसीट एक समजू नका, बिल पैसे मागतं, रिसीट पैसे मिळाले म्हणून सांगते. 'ऑन रिसीट ऑफ पेमेंट' वाचलं तर तिथे कागद शोधू नका, 'पैसे मिळाल्यावर' एवढाच अर्थ. सोसायटीच्या हिशोबात 'रिसीट्स' दिसलं तर ती जमेची बाजू. आणि हल्ली सोशल मीडियावर भांडणात कुणी "रिसीट्स आहेत माझ्याकडे" म्हणालं तर तो पावत्या नाही, तुमचे जुने स्क्रीनशॉट काढणार आहे.