ट्राउटच्या विणीची जागा कशी तपासावी

पाणी थंड, नितळ. मोठे मासेही दिसतात, तरी पिल्लं नाहीत. अशा वेळी खोट बहुधा खडीत असते. ब्राउन ट्राउटची मादी शेपटीने खडी उकरते, अंडी घालते आणि वर पुन्हा खडी ओढते. १० अंश सेल्सिअसला अंडी फुटायला सुमारे सहा आठवडे लागतात. पिल्लं त्यानंतरही काही आठवडे आतच असतात. तोवर खडीतून पाणी खेळतं राहिलं पाहिजे.

उत्तर गोलार्धात वीण साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत होते. म्हणून पाहणी उन्हाळ्याअखेर, पाणी उतरल्यावर करा. विणीनंतर वसंत संपेपर्यंत खडीत उतरू नका, अंडी चिरडतात.

डोह संपून पाणी उथळ होत खळाळाला लागतं, ती जागा आधी गाठा. तिथे पाणी खडीत आत शिरतं.

मग १०० दगड मोजा. नागमोडी चालत, दर पावलाला नजर दुसरीकडे ठेवून बुटाच्या टोकाशी बोटाला पहिला लागेल तोच उचला. बघून उचललं की हात ठसठशीत गोट्यांकडेच जातो. सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड बाजू सोडून मधली मोजा. वाळू लागली तर ‘२ मिमीहून कमी’ असं लिहा, गाळू नका. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला काढा. तो माशाच्या लांबीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत हवा: ३० सेंमीच्या मादीला साधारण ३ सेंमीची खडी हलवता येते.

वरून धुतलेली दिसणारी खडी आतून गच्च असू शकते. बूड कापलेली बादली १५ सेंमी रुतवा, म्हणजे उपसताना बारीक कण वाहून जात नाहीत. आतलं गढूळ पाणीही घ्या. नेमका गाळ त्यातच असतो. सगळं वाळवून १ मिमीच्या चाळणीने चाळा. चाळणीखालचा माल एकूण वजनाच्या १२–१४ टक्क्यांवर गेला तर पिल्लं बाहेर येण्याचं प्रमाण घसरतं. एखाददुसरा मोठा गोटा वजनाचा हिशेब बिघडवतो, म्हणून चार-पाच ठिकाणचे नमुने घ्या. उकरताना मादी बराच गाळ उडवते, त्यामुळे न उकरलेल्या खडीचा आकडा थोडा चढाच येतो. काठावरचा निकाल लगेच नापास ठरवू नका.

वेगासाठी ५ मीटर अंतर आखून संत्रं सोडा. पान नको, त्याला वारा ढकलतो. पाचदा लागलेल्या सेकंदांची सरासरी काढा, ५ मीटरला तिने भागा आणि आलेल्या वेगाला ०.८५ने गुणा, कारण पृष्ठभाग तळापेक्षा वेगाने वाहतो. सेकंदाला २०–६० सेंमी वेग आणि १५–५० सेंमी खोली चालते. पण हे उन्हाळी पाण्याचं माप झालं. विणीच्या तोंडावर पुन्हा मोजा आणि काठाजवळ खुणांची खुंटी ठोका. भरल्या पाण्यात घातलेली अंडी पातळी उतरली की उघडी पडतात. वर धरण असेल तर पाणी सोडण्याचं वेळापत्रक आधीच मागवा.