अर्धवट गाणं दोघांनी मिळून कसं पूर्ण करायचं? ईगल्सवाल्यांकडून शिका

गिटार बरं वाजतं, चार कॉर्ड जमतात, फोनमध्ये मुखड्यांचे व्हॉइस नोट साठलेत पण गाणं एकही पूर्ण होत नाही, अशी गत असेल तर सत्तरच्या दशकातल्या लॉस एंजेलिसचे कंट्री रॉकवाले बघा. त्यांच्यातल्याच ईगल्स या बँडची बरीच हिट गाणी दोघा-तिघांनी, कधी चौघांनी मिळून लिहिलेली आहेत.

१. अडलेलं गाणंच घेऊन जा

पूर्ण झाल्यावर दाखवू म्हणत बसू नका. गायक-गीतकार जॅक्सन ब्राउन 'टेक इट ईझी' लिहिताना दुसऱ्या अंतऱ्यात अडकला होता, माणूस ॲरिझोनातल्या विन्स्लो गावात कोपऱ्यावर उभा आहे इथपर्यंत गाडी आलेली आणि पुढे काही सुचेना. ईगल्सच्या ग्लेन फ्रायने पुढची ओळ दिली, की फोर्ड ट्रकमधली एक मुलगी स्पीड कमी करून त्याच्याकडे बघतेय, आणि गाणं सुटलं. १९७२ मध्ये ईगल्सचं पहिलं सिंगल म्हणून हेच आलं, नावं दोघांची.

म्हणून जोडीदाराला नुसतं "कसं वाटलं" विचारू नका, "छान आहे रे" एवढंच ऐकायला मिळेल. नेमकं विचारा: हा कोपऱ्यावर उभा आहे, आता त्याला काय दिसतं? उत्तर डोळ्यांना दिसेल असं हवं. प्रेम, विरह, आयुष्य असले मोठे शब्द आले की परत विचारा.

२. आधी चाल की आधी शब्द, हा वाद घालू नका

'हॉटेल कॅलिफोर्निया'ची आधी नुसती चाल होती. बँडचा गिटारवादक डॉन फेल्डरने मालिबूच्या भाड्याच्या घरात टेपवर गिटारचे तुकडे रेकॉर्ड करून बाकीच्यांना दिले, शब्द नंतर बँडचा ड्रमर-गायक डॉन हेनली आणि फ्रायने बसवले. आपल्याकडे चालीवर गाणी लिहिणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही म्हणा.

फक्त एक काळजी घ्या, चाल ज्याने बांधली त्याच्या पट्टीत गाणाऱ्याचा आवाज बसेलच असं नाही. फेल्डरचा डेमो ई मायनरमध्ये होता, हेनलीला ते झेपेना, शेवटी बी मायनरवर आले. तुम्ही सातव्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारी क्लिप) लावा आणि ई मायनरचेच शेप वाजवा, बी मायनर मिळतं. शब्द बसवायच्या आधीच गाऊन बघा, नाहीतर सगळं रेकॉर्डिंग पुन्हा.

३. बाहेर गेलात की कान उघडे ठेवा

डॅन टॅनाज नावाच्या रेस्टॉरंटमध्ये एका बाईकडे बघून फ्रायच्या तोंडून सहज निघालं, की हिला खोटं बोलणारे डोळेसुद्धा लपवता येत नाहीत. त्यातून 'लाइन आइज' झालं, १९७५ साली. दोघं असलात की फायदा हा की एक बोलतो आणि दुसरा टिपून घेतो, बोलणाऱ्याला कळतही नाही आपण मुखडा बोलून गेलो.

४. अडलंच तर तिसऱ्याला फोन लावा

'हार्टेक टुनाइट'चे अंतरे फ्राय आणि त्याचा गीतकार मित्र जे. डी. साउदर यांच्याकडे होते, पुढे अडलं होतं. फ्रायने रॉक गायक बॉब सीगरला फोनवर ऐकवलं तर त्याने तिकडूनच मुखडा गाऊन दिला. १९७९ मध्ये गाणं अमेरिकेत नंबर एकला गेलं. तिसरा माणूस चालीला सरावलेला नसतो, त्यामुळे त्याला पटकन दिसतं. पण एकालाच विचारा, ग्रुपवर टाकलंत की संपलं.

५. नावाचं आधी बोलून घ्या

सीगरचा वाटा एका फोनमधला, तरी क्रेडिटमध्ये हेनली, फ्राय, साउदर आणि सीगर अशी चारही नावं आहेत. एकच ओळ दिली म्हणून नाव गाळायचं नाही. मित्र असलात तरी कोणाची किती टक्केवारी ते गाणं अपलोड करायच्या आधी लिहून ठेवा, साधा मेसेज करून दोघांनी ओके म्हटलं तरी सुरुवातीला पुरतं.