खेळाचं शास्त्र शिकायचंय? आधी वजनकाटा आणा

फोंड्यात सकाळी मी फुटबॉलच्या पोरांचा सराव घेते. बारावी झालेलं त्यातलं एखादं हमखास विचारतं, ‘मॅडम, स्पोर्ट्स सायन्सला जातोय, आतापासून काय वाचू?’

एक गोष्ट आधी पक्की करा. बी.पी.एड. हा पदवीनंतरचा, शारीरिक शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम. फिजिओथेरपी वेगळी. स्पोर्ट्स सायन्समध्ये, म्हणजे व्यायामशास्त्रात, शरीरक्रियाशास्त्र, बायोमेकॅनिक्स (शरीराच्या हालचालींमागचं बलांचं गणित), पोषण आणि संख्याशास्त्र येतं. ‘खेळात गणित कशाला?’ म्हणणाऱ्यांची पंचाईत तिथेच होते.

वाचायचं नंतर, आधी घाम मोजा. सरावापूर्वी लघवीला जाऊन या, कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासभर खेळा. अंग कोरडं पुसून तसंच वजन करा. घटलेल्या वजनात मध्ये प्यायलेलं पाणी मिळवा. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम. साठ किलोच्या मुलाचं वजन १.२ किलोने, म्हणजे दोन टक्क्यांनी उतरलं की दमसास कमी पडू लागतो.

हाच प्रयोग जानेवारीत करा आणि मे महिन्यात पुन्हा करा. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो; पण वाळला तरच! आपल्या दमट हवेत तो नुसता टपटपतो, म्हणून अंग तापलेलंच राहतं. पाठ्यपुस्तकातलं तापमान-नियंत्रणाचं प्रकरण यानंतर उघडा, भराभर कळेल. (सरावानंतर मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज प्या. पाणी, मीठ, पिष्ट सगळं त्यात आहे. महागड्या रंगीत बाटल्यांची मला चीड आहे.)

पुढची पायरी कूपर चाचणी. बांबोळीच्या ट्रॅकसारखा ४०० मीटरचा ट्रॅक मिळाला तर उत्तम. १२ मिनिटांत जमेल तितकं पळा, मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करा, ४४.७३ ने भागा. सहा फेऱ्या म्हणजे २४०० मीटर, उत्तर साधारण ४२. ही व्हीओटू मॅक्स, म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला शरीर जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा अंदाज. प्रयोगशाळेत तोंडाला मास्क लावून तीच प्रत्यक्ष मोजतात. तुमच्या आकड्यात वेग कसा राखला, ऊन किती होतं, हेही मिसळलेलं असतं. कुठलाही आकडा दिसला की ‘यात आणखी काय मिसळलंय?’ असं विचारायची सवय आत्ताच लावा. ‘२२० वजा वय म्हणजे हृदयाचे मिनिटाला कमाल ठोके’ या जिममधल्या मंत्रालाही तोच प्रश्न लावा. एकाच वयाच्या दोघांच्या कमाल ठोक्यांत दहा-वीसचा फरक सहज असतो.

दमा असेल किंवा पळताना छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही चाचणी नको. मित्रांचे आकडे त्यांना विचारूनच घ्या. वहीत नावांऐवजी क्रमांक घाला. पुढे विद्यापीठात संमतीपत्राशिवाय कुणावर प्रयोग करता येत नाही.