गुडघा बदलल्यानंतर रेंगाळणारे दुखणे आणि आखडलेपण

शस्त्रक्रियेनंतर जखम भरली, चालणे सुरू झाले, तरी गुडघा हाताला गरम लागणे, सकाळी आखडणे आणि संध्याकाळपर्यंत सुजणे हे पहिले काही महिने स्वाभाविक असते. सूज पूर्ण ओसरायला काहींना वर्षही लागते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला येणारा बधिरपणा छेद घेताना त्वचेची बारीक नस कापली गेल्यामुळे असतो, त्याने घाबरून जाऊ नये.

गुडघा किती वाकतो याचीच चौकशी सगळे करतात. परंतु तो पूर्ण सरळ होणे तितकेच, किंबहुना सुरुवातीला अधिक महत्त्वाचे आहे. बरे वाटते म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नये, कारण त्या स्थितीत सांध्यामागचा भाग आखडत जातो आणि पाय किंचित वाकलेलाच राहू शकतो. त्याऐवजी टॉवेलची गुंडाळी घोट्याखाली ठेवावी, गुडघा अधांतरी राहू द्यावा आणि मांडीचा स्नायू आवळून गुडघा खाली दाबावा. पाच सेकंद धरून सैल सोडावा. असे दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा करावे.

वाकवण्यासाठी खुर्चीत बसून टाच हळूहळू मागे सरकवावी आणि ताण जाणवेल तिथे श्वास न रोखता थांबावे. जिना चढायला साधारण ८० ते ८५ अंश, तर खुर्चीतून सहज उठायला ९० अंशांहून थोडे अधिक वाकणे लागते. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घेतल्यास व्यायाम नीट होतो. नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसल्यास व्यायाम कमी करावा, पण बंद करू नये.

सहा आठवड्यांनंतरही ९० अंश गाठले जात नसतील, तर शल्यचिकित्सकांना लगेच दाखवावे. भूल देऊन गुडघा मोकळा करण्याचा उपचार साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत अधिक उपयोगी पडतो.

ताप, वाढती लाली किंवा जखमेतून स्राव ही जंतुसंसर्गाची, तर पोटरी दुखून सुजणे ही रक्ताच्या गुठळीची लक्षणे असू शकतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छातीत दुखले किंवा धाप लागली, तर क्षणाचाही विलंब नको.

यातले काही नसूनही दुखणे महिनोन्‌महिने टिकले, तर ‘सहन करा’ एवढ्यावर समाधान मानू नये. कृत्रिम सांधा सैल होणे, खुब्याचा किंवा कमरेच्या मणक्यांचा विकार अशी कारणे तपासून घ्यावीत. संसर्गाची शंका असल्यास सांध्यातील द्रवाची तपासणी होण्यापूर्वी स्वतःहून प्रतिजैविके घेऊ नयेत, कारण त्यामुळे जंतू तपासणीत सापडत नाहीत आणि निदान लांबते.