विंडोज अकरा घालायची काय? आधी दुकानातली सगळ्यात जुनी वस्तू बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. मराठी लग्नपत्रिका, कन्नड अर्ज, ॲफिडेव्हिट, परीक्षेचे फॉर्म, जमिनीचे उतारे, जे येईल ते. कॉम्प्युटर दोन. बाहेरच्यावर विंडोज ११ आहे. आतल्या खोलीतल्यावर १० आहे आणि ती तिथंच राहणार आहे.

गिऱ्हाईक विचारतं, "अक्का, अकरा घालू काय? चांगली हाय काय?" मी उलट विचारते, तुमच्याकडं सगळ्यात जुनं काय आहे? प्रिंटर कधीचा? हिशोबाचा प्रोग्राम कुणी करून दिलेला? पत्रिकेचा फॉन्ट कुठला? (खरं तर मी "विचारतो" म्हणते. आमच्या भागात बायका मी आलो, मी गेलो असंच बोलतात. लिहायला बसलं की शाळेतल्या बाई आठवतात.) विंडोजचं नवं तोंड चांगलं की वाईट, हे आठ दिवसांत विसरायला होतं. जुनी वस्तू बंद पडली तर मात्र दुकानच बंद.

आधी तारखेचं सांगते, कारण त्यावरून फार घाबरवलं जातंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. म्हणून कॉम्प्युटर काही बंद पडत नाही, सकाळी बटण दाबलं की उठतो. फक्त सुरक्षेत नवी भोकं सापडली तर ती बुजवणारे फुकटचे अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं एक वर्षाची मुदत दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी दहाची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट इथं नोंदणीची लिंक दिसते. सेटिंग्जचा बॅकअप खात्याला जोडला की पैसे पडत नाहीत. ज्या कॉम्प्युटरवरून बँकेचं काम होतं, लोकांचे आधार नंबर भरले जातात, तो अपडेटशिवाय नेटवर ठेवू नका. एवढ्या एका बाबतीत मी गिऱ्हाइकाशी भांडते.

आता तुमच्या कॉम्प्युटरवर अकरा बसते का बघा. धिस पीसीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, प्रोसेसरची ओळ वाचा. इंटेल असेल तर आय३ किंवा आय५ नंतरच्या आकड्यानं पिढी कळते. ७१०० म्हणजे सातवी, नाही चालत. ८१०० म्हणजे आठवी, चालते. माझ्या बाहेरच्याचा आकडा १०१००, म्हणजे दहावी. आतल्याचा ४१५०, चौथी, विषय संपला. एएमडी कंपनीच्या रायझनमध्ये साधारण २००० च्या मालिकेपासून पुढचे चालतात. रॅम ४ जीबी पुरते असं कंपनी म्हणते, मी ८ म्हणेन. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे फुकट ॲप चालवलं तर ते स्वतःच हो किंवा नाही सांगतं.

पुष्कळदा ते "टीपीएम नाही" म्हणून नापास करतं. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय. चालू कॉम्प्युटर त्यावरून विकू नका. टीपीएम २.० असतं, पण बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावानं सापडतं. तिथलंच सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होतानाची तपासणी, चालू करण्याआधी मात्र डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कची मांडणी नवी जीपीटी आहे की जुनी एमबीआर ते बघा. एमबीआर असेल तर हात लावू नका, जाणत्या माणसाकडून आधी ती बदलून घ्या. नाहीतर कॉम्प्युटर विंडोजपर्यंत पोचतच नाही आणि मग "काल तर चालत होता की" सुरू होतं.

बाजारात कुठल्याही जुन्या डब्यात अकरा घालून देणारे भेटतात. बसते, चालतेही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि कोअर टू ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरच्या काळातली बरीच मशीन अकराच्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीनंतर सुरूच होत नाहीत. तेवढ्या पैशात एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, बसवून घ्या. हार्डडिस्क काढून एसएसडी घातली तेव्हा माझ्या बाहेरच्या कॉम्प्युटरला जे पाय फुटले, ते अकरा घालून फुटले नव्हते.

माझी फजिती इथं झाली. ऐन लग्नसराईत, अठरा पत्रिका हातात असताना, एका रविवारी मी बाहेरच्यावर अकरा घातली. दोन तासांत झालं, सगळं छान, गोल गोल कोपरे. सोमवारी पत्रिकेची फाइल उघडायला गेले तर मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर म्हणतं, लॉक सापडत नाही. लॉक म्हणजे मागं यूएसबीत खोचलेला तो छोटा डोंगल. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजशी त्याची गाठ घालून देणारा प्रोग्राम, इतका जुना की नव्या विंडोजनं त्याला ओळखच दाखवली नाही. विकणाऱ्यांना फोन केला, तर नवी आवृत्ती विकत घ्या म्हणाले. आणि या जुन्या फॉन्टांचा मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखाच वाचता येणारा, नसतो. सॉफ्टवेअरशिवाय फाइल उघडली की "श्री गणेशाय नमः" च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची खिचडी. नवरदेवाचे वडील समोर बाकावर बसलेले. कन्नडमध्ये नुडी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइलींचंही असंच असतं, ज्यांच्याकडं कचेरीची कामं येतात त्यांनी लक्षात ठेवा.

त्या दिवशी वाचवलं ते दहा दिवसांच्या सवलतीनं. अकरा घातल्यापासून दहा दिवसांच्या आत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक असं गेलं की जुनी विंडोज परत येते. फाइली राहतात, मधल्या काळात टाकलेले प्रोग्राम जातात. पण त्या दहा दिवसांत डिस्क क्लीनअप करून जुन्या विंडोजचा फोल्डर पुसलात तर परतीची वाट बंद. म्हणून मी सांगते, घातल्यावर पहिल्याच दिवशी सगळी जुनी हत्यारं एकेकदा चालवून बघा. एक पत्रिका, एक कन्नड अर्ज, एक स्कॅन, एक पासबुक. नवव्या दिवशी आठवण आली तर घाई होते.

सहकारी सोसायट्यांचं दुखणं वेगळंच. आमच्याकडच्या एका सोसायटीचे क्लार्क सीपीयू पिशवीत घालून घेऊन आले. त्यांचा व्याजाचा प्रोग्राम डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातल्या, फॉक्सप्रोमधला, करून देणारा कधीचाच पुण्याला गेलेला. तो प्रोग्राम १६ बिटचा, त्यांची विंडोज १० ही ३२ बिटची, म्हणून इतकी वर्षं जमत होतं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते, आणि ६४ बिटची विंडोज १६ बिटचा प्रोग्राम चालवत नाही. शिवाय ३२ बिटवरून थेट अपग्रेड होतच नाही, सगळं पुसून नवीन घालावं लागतं. डॉसबॉक्स नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये असले प्रोग्राम बऱ्याचदा चालतात, पण छपाईसाठी कसरत करावी लागते. त्यांचा पासबुकाचा प्रिंटर तर जाड पॅरलल केबलचा, नव्या बोर्डावर ती खाचच नसते. मी त्यांना म्हटलं, "काका, ह्याला हात लावूच नका. नेट काढा, रोजचा डेटा पेनड्राइव्हवर घ्या, आणि ऑडिटच्या आधी नवा प्रोग्राम घ्यायचं कमिटीपुढं मांडा." ते म्हणाले, "कमिटीत मांडतंय कोण?"

साधा प्रिंटर असेल तर काम सोपं. कंपनीच्या साइटवर विंडोज १० चा ६४ बिट ड्रायव्हर मिळाला तर अकरावर तो बहुतेक चालतो. नुसता ३२ बिटचा असेल तर नाही.

फॉन्टांचं अजून एक. सगळं पुसून नवी अकरा घातली तर मराठीचा मंगल आणि कन्नडचा तुंगा हे फॉन्ट जागेवर नसतात. अक्षरं दिसतात, पण निर्मला फॉन्टात, आणि दोन पानांचं ॲफिडेव्हिट अडीच पानांवर जातं. टाइम अँड लँग्वेजमध्ये जाऊन मराठी आणि कन्नड या भाषा जोडा, फॉन्ट उतरतात. तिथंच दोन्हींचे फोनेटिक कीबोर्ड घ्या. विंडोज आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. ही सोय १० मध्येही २०१९ पासून आहे, तेवढ्यासाठी अकरा नको.

दिसण्याचं म्हणाल तर स्टार्ट बटण मधोमध गेलंय. आमचे मामा, म्हणजे सासरे, पहिल्या दिवशी ओरडले, "स्टार्ट कुठं गेलं गे?" टास्कबार सेटिंग्जमध्ये अलाइनमेंट लेफ्ट केलं, गप्प झाले. राइट क्लिकचा मेनू आखूड झालाय, शिफ्ट आणि एफ१० दाबलं की जुना लांब मेनू येतो. २०१२ मध्ये आठ नंबरच्या विंडोजनं स्टार्ट बटणच काढलं होतं, तेव्हाची ओरड आठवते. वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आलं. त्यामानानं हे काहीच नाही.

घालायचंच ठरलं तर जुलैत नको. आमच्याकडं पाऊस लागला की लाईटचा भरवसा नसतो, आणि माझा यूपीएस वीस मिनिटांचा. सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या, फॉन्ट्सचा फोल्डरही घ्या. आणि मायक्रोसॉफ्टचं खातं स्वतःच्या ईमेलनं काढा. एका गुरुजींच्या नव्या लॅपटॉपवर भाच्यानं आपलंच खातं घातलं होतं. खात्यानं साइन इन झालं की डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते, ते गुरुजींना माहीत नव्हतं. पुढं कुणी तरी बायॉसमध्ये बदल केला आणि लॅपटॉपनं ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायची किल्ली, मागितली. ती किल्ली भाच्याच्या खात्यात, भाचा गल्फमध्ये, पासवर्ड विसरलेला. तुमची किल्ली खात्यात बघून कागदावर लिहा आणि रेशनकार्डाबरोबर ठेवा.

बाहेरच्या कॉम्प्युटरवर मी लग्नसराई संपल्यावर पुन्हा अकरा घातली, डोंगल आतल्या दहावर नेऊन खोचला. पत्रिका आत बनते, तिथंच पीडीएफ करते, म्हणजे फॉन्ट फाइलीतच राहतो आणि बाहेर छापताना अक्षर हलत नाही. पेनड्राइव्ह दोघांत ये-जा करतो, बाहेर आला की आधी स्कॅन. आतल्याची नेटची वायर काढून टाकली होती, मामांनी त्या वायरनं दारातला जाईचा वेल बांधलाय.